हिवाळ्यानंतर बोटीचे पारदर्शक पडदे धुरकट, आखूड किंवा तडकलेले निघाले तर काय तपासायचं

एप्रिल लागला की आमच्या धक्क्यावरचे तीन-चार जण तरी बगलेत गुंडाळी धरून माझ्याकडे येतात. तक्रार दरवर्षी तीच: ऑक्टोबरमध्ये ठेवले तेव्हा काचेसारखे होते, आता बघ काय झालंय. कुणाचे पडदे दुधाळलेले असतात, कुणाचे बटणापर्यंत पोचत नाहीत, कुणाच्या पडद्याला कोपऱ्यात वीतभर चीर गेलेली असते. कॅनडात मिसिसॉगाला लेक ऑन्टारिओच्या काठावर माझी २४ फुटी बोट आहे. तिचे आणि ओळखीपाळखीच्यांचे पडदे दुरुस्त करता करता मला बारा हिवाळे झाले. माझ्याकडे आलेले बरेचसे पडदे टाकून देण्याजोगे नव्हते, पण मालकाने घाबरून नव्या संचाची चौकशी आधीच केलेली असायची, आणि तो काही हजार डॉलरचा मामला आहे. पैसे मोजण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा. फुकटच्या आणि सोप्या आधी घेतल्या आहेत.

बोट नवीन घेतलेल्यांसाठी आधी थोडं सांगतो. छतापासून पुढच्या काचेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या चौकटीत शिवलेलं जे पारदर्शक प्लास्टिक असतं, ते मऊ पीव्हीसी. रिक्षाला पावसाळ्यात लावतात तो पारदर्शक पडदा किंवा जेवणाच्या टेबलावर अंथरतात ते जाड प्लास्टिक याच जातीचं. बोटीवरचं साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतं आणि आरपार जास्त स्वच्छ दिसतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचे पाइप त्याचेच होतात. त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळला की ते मऊ पडतं. ऊन, उष्णता आणि चुकीची रसायनं यांनी तो पदार्थ हळूहळू निघून जातो. आणि तो शाबूत असला तरी कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ताठरतंच. पडद्यांची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

आमच्या ओळखीतले एक काका फेब्रुवारीत बर्फ पडून गेल्यावर बोट बघायला गेले. पडदे त्यांनी काढलेच नव्हते. आत डोकावायचं म्हणून त्यांनी चेन उघडली आणि एका पडद्याचा कोपरा वर उलटला. बाहेर उणे १४ होतं. रात्री मला फोन आला, "अरे, पापड मोडावा तसा मोडला रे." तो पडदा त्याच थंडीत तीन महिने टांगलेला होता आणि त्याला काही झालेलं नव्हतं. दोन सेकंद वाकवला तेवढ्यात गेला. म्हणून पहिली सूचना अशी की तुमचे पडदे हिवाळ्यात वरच राहिले असतील तर वसंतापर्यंत त्यांना हात लावू नका.

लक्षणं नीट बघा

पडदा उजेडाकडे धरा आणि बिघाड कुठे आहे, कसा आहे, ते आधी ओळखा. सगळीकडे सारखा, पातळ ताकासारखा पांढुरकेपणा दिसला तर बहुधा प्लास्टिकने ओल धरली आहे. धुकं फक्त तिरप्या उन्हात दिसत असेल आणि समोरून पाहिल्यावर कमी होत असेल, तर ते बारीक ओरखडे. एका सरळ रेषेत पांढरी खूण म्हणजे घडी. तपकिरी किंवा पिवळट पट्टा नेमका छताच्या पाइपाला टेकतो तिथेच असेल, तर तो थंडीचा नाहीच. उन्हात तापलेल्या स्टीलच्या पाइपाने प्लास्टिक भाजलेलं आहे, फक्त तुमच्या लक्षात आता आलं. शिवणीच्या कडेने काळे ठिपके म्हणजे बुरशी. दोन पडदे एकमेकांना चिकटून आलेत, किंवा एकावर दुसऱ्याच्या चेनीच्या दातांचा ठसा उमटलाय, तर ते उष्ण जागी दाबून ठेवले गेले होते.

पडदा बटणापर्यंत पोचत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त पडदे तिच्यापायीच फाटतात. मालक जोर लावून ओढतो, बटण बसतं, आणि बटणाशेजारून चीर सुरू होते.

पहिली तपासणी: घरात आणून पसरा, आणि एक दिवस थांबा

याला काही खर्च नाही. पडदे घरात आणा, गुंडाळी लगेच उलगडू नका. तीन-चार तास तशीच खोलीत राहू द्या, मग स्वच्छ चादरीवर सावकाश पसरा. एका पडद्यावर दुसरा ठेवू नका. पुढचे २४ तास त्यांच्याकडे बघूही नका.

गारठलेलं प्लास्टिक आकसतं. गॅरेजमधून थेट बोटीवर नेलेला पडदा अर्धा-पाऊण इंच आखूड भरतो आणि लोकांना वाटतं की तो कायमचा आटला. घरातल्या ऊबेत तो पुन्हा मापात येतो. ओलीने आलेला दुधाळपणाही कोरड्या, उबदार खोलीत एक-दोन दिवसांत ओसरतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या खूपशा इथेच मिटल्या आहेत. हेअर ड्रायर, हीटर किंवा गरम पाणी वापरून घाई करू नका. एका जागी जास्त उष्णता लागली की तिथे पडदा लाटेसारखा होतो, आणि ती लाट पुन्हा सपाट होत नाही.

दुसरी तपासणी: पाण्याचा थेंब

धुरकट जागेवर पाण्याचे चार थेंब टाका आणि आरपार बघा. ओलं असेपर्यंत तो भाग स्वच्छ दिसला तर बिघाड वरवरचा आहे. ओरखड्यांच्या चऱ्या पाण्याने भरल्या म्हणून दिसायला लागलं. तिथे धुणं आणि पॉलिश यांनी फरक पडेल. ओलं करूनही धुकं तसंच राहिलं तर बिघाड प्लास्टिकच्या आत आहे. ती ओल असती तर पहिल्या तपासणीतच गेली असती. धुकं तरीही राहिलं असेल, आणि जोडीला पिवळेपणा व कडकपणा असेल, तर त्या पडद्याचं आयुष्य संपलं. त्यावर पॉलिशची बाटली संपवू नका. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती न करता लोक शनिवार-रविवार घासत बसतात.

तिसरी तपासणी: धुणं

बादलीभर कोमट पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, आणि मायक्रोफायबरचं नवीन फडकं. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. कोरड्या पडद्यावर फडकं फिरवणं म्हणजे बारीक वाळूने घासणं. बहुतेक ओरखडे मालकाच्याच हातचे असतात आणि पुसताना पडलेले असतात. स्वयंपाकघरातला खरखरीत स्पंज नको, पांढरे फेसाळ मॅजिक स्पंजही नकोत, ते दिसायला मऊ असतात पण घासतात. बाथटबमध्ये पडदा सहज धुता येतो, तळाला एक टॉवेल अंथरा म्हणजे टबचा खरबरीतपणा लागणार नाही.

काचेचा निळा फवारा घरात असतो म्हणून तोच उचलला जातो. त्यात अमोनिया असेल तर तो या प्लास्टिकचा वैरी आहे. अल्कोहोल, थिनर, पेट्रोलही तसंच. पहिल्या दिवशी चकाचक दिसतं, हंगामाच्या शेवटी तोच भाग कडक आणि ढगाळ होतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: डास पळवणारं मलम किंवा फवारा आणि उन्हाचं क्रीम. हाताला ते लावून आपण पडदा बाजूला सरकवतो आणि पंजाचा ठसा कायमचा बसतो. डासांच्या औषधात डीट नावाचं रसायन असेल तर ते प्लास्टिक विरघळवतं. ठसा ताजा असेल तर लगेच साबणपाण्याने धुवा. वर्षभराचा जुना असेल तर जाणार नाही.

बुरशी जास्त करून कॅनव्हासवर असते. ठिपके वाळल्यावर मऊ ब्रशने झटका आणि साबणपाण्याने धुवा. ब्लीच वापरायचंच असेल तर अगदी पातळ, फक्त कॅनव्हासवर. प्लास्टिक आणि शिवणीच्या दोऱ्यापासून ते लांब ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून काढा.

यानंतर थेंबाच्या परीक्षेत पास झालेले ओरखडे उरले असतील तर मऊ पारदर्शक व्हिनाइलसाठी (म्हणजे याच पीव्हीसीसाठी) असलेलं पॉलिश लावा, सावलीत, हलक्या हाताने. मोटारीच्या हेडलाइटचं पॉलिश नको, ते कडक प्लास्टिकसाठी असतं. एकदा लावून फरक पडला नाही तर तिसऱ्या-चौथ्यांदा लावूनही पडत नाही.

चौथी तपासणी: शिवण, चेन, टिचबटणं

शिवणीवरून नख जरा जोराने ओढा, विशेषतः वरच्या बाजूला, जिथे ऊन थेट पडतं. दोरा तुटून भुशासारखा निघाला तर उन्हाने कुजलाय. कापड आणि प्लास्टिक चांगलं असूनही असा पडदा पहिल्या सोसाट्याच्या वाऱ्यात उसवतो आणि मग फडफडून फाटतो. दोरा बदलून घेणं हे नव्या पडद्याच्या मानाने किरकोळ काम आहे, म्हणून हे वेळेवर कळायला हवं.

चेन अडकत असेल तर आधी दातांमधली माती टूथब्रशने धुवा, वाळू द्या, मग साधी पांढरी मेणबत्ती दातांवरून दोनदा फिरवा. मशीनचं तेल किंवा ग्रीस लावू नका, ते प्लास्टिकपर्यंत झिरपतं आणि डाग पडतो. टिचबटणावर हिरवट पूड दिसली तर ती घासून काढा आणि त्यालाही तेच मेण लावा. बटण उघडताना नेहमी बटणाच्या अगदी कडेला पकडून वर उचला. पडद्याचा कोपरा धरून झटका देऊ नका. बारा वर्षांत पाहिलेल्या चिरांपैकी बऱ्याचशा अशा झटक्याने सुरू झालेल्या होत्या.

पाचवी तपासणी: पडदे ठेवले कसे होते

इथे थोडा थांबतो, कारण दरवर्षी तेच बिघाड परत येत असतील तर मूळ जवळजवळ नेहमी इथे असतं.

मी पडदे दसऱ्याच्या सुमाराला उतरवतो. घरच्या गाड्यांबरोबर बोटही धुतो, झेंडूचा हार घालतो, फुलं वाळायच्या आत पडदे खाली. सण सोयीचा आहे म्हणून नव्हे, तर त्या दिवसांत इथे अजून दुपारी १० अंशांच्या वर असतं आणि प्लास्टिक हातात मऊ लागतं. १० अंशांच्या खाली मी पडद्याला हात लावत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी, बोट पाण्याबाहेर काढायच्या दिवशी घाईघाईने पडदे ओढणारे लोक मी बघतो. नुकसान तिथेच होतं, दिसतं एप्रिलमध्ये.

उतरवलेले पडदे धुऊन पूर्ण वाळले पाहिजेत. शिवणीच्या आतला पट्टा शेवटी वाळतो, तो हाताने चाचपून बघा. थोडीशी ओल गुंडाळीत बंद झाली की पाच महिन्यांत बुरशी आणि दुधाळपणा दोन्ही मिळतात. घडी कधीच घालू नका. घडीच्या रेषेत प्लास्टिक ताणलं जातं, आणि ती पांढरी रेघ पुढे फुटायची जागा होते.

गुंडाळताना दोन पडदे एकमेकांना थेट टेकू द्यायचे नाहीत. मऊ प्लास्टिकला मऊ प्लास्टिक चिकटतं. मध्ये कापड हवं. पहिल्या वर्षी मी आईची जुनी सुती नऊवारी वापरली, लांबीला अगदी बरोबर होती. वसंतात उघडलं तर तिच्या लाल काठाचा गुलाबी पट्टा पडद्यात उतरलेला. साबण, पॉलिश, काहीही लावून तो गेला नाही, कारण रंग वर बसलेला नसतो, प्लास्टिक तो आत ओढून घेतं. वर्तमानपत्राची शाईसुद्धा अशीच उतरते. तेव्हापासून मी वडिलांची जुनी पांढरी धोतरं वापरतो. शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं सुती कापड, रंग नाही, शिवण नाही, आणि एका धोतरात दोन पडदे सहज बसतात. भारतातून कुणी येत असेल तर मागवून घ्या, नाहीतर पांढरी फ्लॅनेलची चादर चालते.

पद्धत अशी. चेन बंद करा म्हणजे दात मोकळे राहून ओरखडणार नाहीत. धोतर पसरा, त्यावर पडदा, त्यावर धोतराचं दुसरं टोक. साधारण चार इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा, नळीलाही आधी कापड लपेटा. दोरीने आवळू नका, कापडाच्या पट्टीची ढिली गाठ पुरे. कोणता पडदा कुठला हे कॅनव्हासवर चिठ्ठी टाचून लिहा. चिकटपट्टी प्लास्टिकवर लावली तर तिचा गोंद डाग पाडतो. मग घरातली अशी जागा शोधा जिथे फर्नेस (घर तापवणारी भट्टी) जवळ नाही आणि वर काही रचलं जाणार नाही. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली सपाट पसरून ठेवता आले तर त्याहून चांगलं काही नाही. गॅरेज आणि बोटीची केबिन टाळा. तिथे थंडी आणि ओल तर असतेच, शिवाय गुंडाळलेल्या कापडात उंदरांना आयतं घर मिळतं. पडद्यांत डांबरगोळ्या टाकण्याचा सल्ला मिळेल. टाकू नका, तो वास पुढचा अख्खा उन्हाळा बोटीवर राहतो.

तुमचे पडदे गुंडाळताच येत नसतील, फळीसारखे ताठ असतील, तर ते ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटचे आहेत. ते जबरदस्तीने वाकवू नका. मध्ये फ्लॅनेल घालून सपाट किंवा कडेवर उभे ठेवा.

सहावी तपासणी: बोटीवरचं आवरण

पडदे घरी नीट ठेवूनही कॅनव्हासच्या चौकटी आणि छत बुरशीने भरत असेल, तर ओल बोटीतूनच येते. लहानपणी मालवणला बघितलं होतं की पावसाळ्याआधी होडी वाळूवर वर ओढायचे आणि माडाच्या झापांनी शाकारायचे. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, म्हणजे तिथली विश्रांती पावसाळ्यात आणि इथली बर्फात. पण झापांचं तत्त्व इथेही लागू आहे: वरून पाणी घसरून जायचं आणि आतून हवा खेळायची. झापांतून वारा जातो. ताडपत्री किंवा श्रिंकरॅप (तापवून बोटीवर आकसवून बसवतात ते प्लास्टिकचं आवरण) घट्ट बांधलं की वारा जात नाही, आणि दिवसा तापलेली आतली दमट हवा रात्री गार होऊन थेंब थेंब गळते.

श्रिंकरॅपमध्ये दोन्ही बाजूंना हवेची झडपं बसवायला सांगा, ती थोड्याशा पैशांत मिळतात. रंग पांढरा घ्या. निळं आवरण मार्चच्या उन्हात जास्त तापतं. आणि श्रिंकरॅप चढवण्याआधी पारदर्शक पडदे काढलेच पाहिजेत. ते गॅसच्या ज्वालेने तापवून आकसवतात, ती झळ खाली पडद्याला लागते, आणि पुढचे पाच महिने पडदा त्याच बंद वाफेत राहतो. एकदा एका कामगाराने माझ्या समोरच्या बोटीवर पडद्यांसकट आवरण चढवलं. मेमध्ये त्या बोटीच्या पडद्यांतून धक्का दिसत नव्हता.

ताडपत्री वापरत असाल तर मधोमध आढं हवं, घराच्या छपराला असतं तसं, आणि दोन्हीकडे चांगला उतार. सपाट ताडपत्रीवर खळगा पडतो. एक चौरस मीटरच्या खळग्यात १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १०० किलो होतं, म्हणजे छताच्या नाजूक पाइपांवर एक दणकट माणूस बसल्यासारखं. छताचा कॅनव्हास हा बर्फ झेलण्यासाठी नसतोच. तो उतरवा किंवा पाइप खाली पाडून बांधा.

बोटीत गाद्या उभ्या ठेवा, कपाटांची दारं उघडी ठेवा, तळाचं बूच काढा. बूच काढून स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे वसंतात बोट पाण्यात सोडताना ते विसरणार नाही.

सातवी तपासणी: परत बसवताना

सगळं ठीक करूनही पडदा आखूडच वाटत असेल तर बसवण्याचा क्रम बघा. पारा १८-२० अंशांवर असलेला, ऊन पडलेला दिवस निवडा. वरच्या चेनी आधी लावा, पण अर्ध्याच. मग मधलं बटण, मग मध्यापासून दोन्ही कडांकडे एक-एक. कोपऱ्यातलं बटण सगळ्यात शेवटी. एका कोपऱ्यापासून सुरू केलं तर सगळा ताण दुसऱ्या कोपऱ्यात जमतो आणि शेवटचं बटण बसत नाही. ते बसलं नाही तर राहू द्या. पडदा तासभर उन्हात टांगलेला असू द्या, तो सैलावतो. जिथे पाइप प्लास्टिकला टेकतो तिथे पांढऱ्या कापडाची किंवा फोमची बाही पाइपावर चढवा, म्हणजे पुढचा तपकिरी पट्टा पडणार नाही.

इथे थांबा आणि माहीतगाराला बोलवा

उबदार दिवशी, योग्य क्रमाने लावूनही बटण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दूर राहिलं तर पडदा खरोखर आटला आहे. ओढू नका. कॅनव्हासचं काम करणारा कारागीर बटणाची जागा सरकवतो किंवा कडेला पट्टी जोडतो. बटणासाठी बोटीच्या फायबरला नवीन भोकं स्वतः पाडू नका. चुकीच्या जागी पडलेल्या भोकातून पाणी आतल्या लाकडात जातं आणि ते काम पडद्यापेक्षा महाग पडतं.

प्लास्टिकमधून आरपार चीर गेली असेल तर दुरुस्तीची पारदर्शक पट्टी दोन्ही बाजूंनी लावून हंगाम काढता येतो, पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे. लांब शिवणीचा दोरा कुजला असेल तर घरच्या मशीनवर प्रयोग करू नका. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक प्लास्टिकमध्ये कायमचं राहतं आणि चुकीची शिवण उसवली तर तिथे टपाल तिकिटासारखी फाटायची रेघ तयार होते. मी स्वतः शिवतो, तरी माझ्या मर्यादेपलीकडचं काम कारागिराकडेच नेतो. त्याला दोरा पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) घालायला सांगा. थोडा महाग असतो, पण उन्हाने कुजत नाही. आणि कॅनव्हास चांगला असेल तर फक्त खिडकी बदलून मिळेल का, हे आवर्जून विचारा. पुष्कळदा मिळते आणि खर्च बराच कमी होतो.

इंजिनाबद्दल एवढंच सांगतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडाचं इंजिनसुद्धा फोडतं. हिवाळ्यासाठी इंजिनात भरतात त्या गुलाबी अँटीफ्रीझच्या (सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या) डब्यावर उणे ५० लिहिलेलं असतं, पण आत आधीचं पाणी राहिलं असेल तर ते पातळ होतं आणि तो आकडा खरा राहत नाही. आतलं पाणी पूर्ण निघालंय याची तुम्हाला खात्री नसेल, किंवा वसंतात तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर इंजिन चालू करू नका, मेकॅनिकला बोलवा. पेट्रोलचा वास येत असताना बोटीवर हीटर किंवा गॅसची ज्वाला लावू नका, आणि श्रिंकरॅप ज्याच्या हाताला सवय आहे त्यालाच करू द्या.

कारागिराकडे जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जा. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे आठवड्यांची रांग असते आणि घाईचं काम मिळतं. जुना पडदा कितीही फाटलेला असला तरी टाकू नका, सोबत घेऊन जा. नवीन कापताना माप त्याच्यावरूनच घेतलं जातं. आणि पडदा बोटीवर कुठे सैल पडायचा, कुठे ताणला जायचा, हे त्याच्यावर खडूने खूण करून दाखवा.